सोलापूरमार्गें शिच्याच्वांग

काशी, गया, प्रयाग, रामेश्वर आणि पायांत बळ असलें तर बदरीकेदार, एवढ्या यात्रा निवृत्त शिक्षकानें कराव्यात, असा आमच्या सदाशिव पेठेंतला अलिखित दंडक आहे. कोणाचा मुलगा अमेरिकेस असला तर नातवंडांच्या निमित्तानें सहा महिने तिकडे राहून येणें हेंही आतां यात्रेंतच जमा धरतात. यंदा, म्हणजे २०२६ च्या गुढीपाडव्यास, पंगत उठल्यावर मीं घरांत सांगितलें कीं, येत्या भाद्रपदांत मी चीनमध्यें शिच्याच्वांग नांवाच्या शहरीं जाणार आहें. क्षणभर कोणी कांहीं बोललें नाहीं. मग सूनबाई म्हणाल्या, "शांघायला ना, बाबा?" नातवानें तेथें पांडा आहेत काय, म्हणून विचारलें. (पांडांसाठीं प्रसिद्ध शहर तें छंग्तू.) सौभाग्यवतींनीं "तिकडे खायचें काय?" हा मूलगामी प्रश्न टाकला. आमचे दादा, वय वर्षें ऐंशी, कांहीं न बोलतां पानसुपारीचा डबा मिटून आंत निघून गेले. आमच्या घरांत वादापेक्षां असें उठून जाणेंच अधिक भारी समजतात.

प्रथम त्या नांवाविषयीं. इंग्रजी लिपींतून वाचून आपण त्याचें 'शिजियाझुआंग' करतों. तेथील उच्चार शिच्याच्वांग असा कांहींसा आहे. शी हें आडनांव, चिया म्हणजे घराणें, च्वांग म्हणजे वाडी. एकूण 'शी घराण्याची वाडी'. आपल्याकडील एखाद्या कुळकर्णीवाडीचें महानगर व्हावें तसा प्रकार. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं तें खरोखरच खेडें होतें. १९०६ सालीं पेकिंगहून हँकौस जाणारा लोहमार्ग पुरा झाला, दुसऱ्याच वर्षीं पश्चिमेकडील थाइयुआनचा फांटा त्यास येथें येऊन मिळाला, आणि दौंड-मनमाडाचें भाग्य जसें रुळांनीं उघडलें तसें ह्या वाडीचें उघडलें. १९६८ पासून तें हपै प्रांताच्या राजधानीचें शहर आहे. बीजिंगच्या दक्षिणेस सुमारें २८० किलोमीटर. शहर व त्याचा जिल्हा मिळून वस्ती एक कोटीच्या वर आहे, तेव्हां त्यास लहान म्हणणें आपल्या मानानें हास्यास्पद होय. पण चीनच्या मानानें तें दुय्यमच, आणि परदेशी प्रवासी तेथें सहसा उतरत नाहींत.

पुणेकरास ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट तेथें आहे. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला व लगेच तेथें पेनिसिलिन बनूं लागलें. शिच्याच्वांगचा मोठा औषधी कारखाना १९५८ सालीं पेनिसिलिन काढूं लागला. दोन्ही देश नुकतेच आपल्या पायांवर उभे राहत होते आणि दोघांसही आधीं हीच वस्तु हवीशी वाटली, ह्याचें नवल वाटावयास नको. ह्या लेखाच्या नायकाच्या हातीं ती असती तर किती जखमी वांचले असते, हा विचार मात्र मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

नायक म्हणजे डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म सोलापूर, १० ऑक्टोबर १९१०. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. जपाननें चीनवर स्वारी केली तेव्हां काँग्रेसनें पांच डॉक्टरांचें एक पथक तिकडे धाडलें. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. ह्यांतले डॉ. चोळकर नागपूरचे, म्हणजे पांचांत दोघे मराठी बोलणारे. १ सप्टेंबर १९३८ रोजीं 'राजपुताना' बोटीनें ते मुंबईहून निघाले आणि १७ तारखेस कँटन बंदरीं उतरले. पुढल्याच महिन्यांत कँटन जपान्यांच्या हातीं पडलें; चार-पांच आठवडे उशीर होता तर पथकास उतरावयास बंदरच उरलें नसतें. चांग्शा, हँकौ, चुंकिंग असें मागें हटत हटत पथक १९३९ च्या फेब्रुवारींत येनानला पोहोंचलें. चीनमध्यें ह्या पांचांचीं नांवें चिनी वळणाचीं केलीं आणि प्रत्येकाच्या शेवटीं 'ह्वा', म्हणजे चीन, हें अक्षर लावलें. कोटणीसांचें झालें 'क ती-ह्वा'. तिकडचे लोक त्यांस आजही ह्याच नांवानें ओळखतात. कोटणीस म्हटलें तर कोणास कळणार नाहीं.

इतर चौघे आगेंमागें परतले. कोटणीस उत्तरेकडील डोंगराळ रणभूमीवर गेले आणि तेथेंच राहिले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून ह्यांच्या नांवानें चाललेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते जानेवारी १९४१ मध्यें प्रमुख झाले. रुग्णालय म्हणजे शेतकऱ्यांचीं घरें. शत्रु जवळ आला कीं सारें पाठीवर घेऊन दुसऱ्या खेड्यांत जावयाचें. १९४१ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं तेथील परिचारिकांच्या शिक्षिका क्वो छिंग्लान ह्यांच्याशीं विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्यें मुलगा झाला. त्याचें नांव यिन्ह्वा: यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. साडेतीन महिन्यांनीं, ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अपस्माराच्या झटक्यांनीं कोटणीस थांग परगण्यांतील कगुंग ह्या खेड्यांत वारले. वय अवघें बत्तीस. शेवटच्या वर्षीं ते तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. आपल्याकडील पुष्कळ लेखांत हें गाळतात; मला तें गाळण्याचें कारण दिसत नाहीं. माणूस ज्यांच्यांत राहिला, ज्यांचा शेर-अच्छेर ज्वारी-बाजरीचा घास त्यानें वांटून खाल्ला, त्यांचा तो झाला, एवढेंच.

मृत्यूनंतर त्यांच्या अस्थि पुढें शिच्याच्वांगच्या हुतात्म्यांच्या स्मशानोद्यानांत आणण्यांत आल्या. तेथें त्यांची समाधि व पुतळा आहे आणि त्याच आवारांत बेथ्यून ह्यांचीही समाधि आहे. ह्यासाठीं शिच्याच्वांग.

आतां माझें तेथें काय अडलें आहे, हा दादांचा प्रश्न. (उठून गेल्यावर तिसऱ्या दिवशीं त्यांनीं तो विचारला.) त्याचें उत्तर देतांना मला एक कबुली द्यावी लागली, ती येथेंही देतों.

मीं तीसांहून अधिक वर्षें मुलांस भाषा आणि इतिहास शिकविला. दहा ऑक्टोबर आला कीं परिपाठाच्या वेळीं मी कोटणीसांची गोष्ट सांगत असें. गोष्ट रंगे. व्ही. शांतारामांनीं १९४६ सालीं काढलेला 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट पुढें दूरदर्शनवर पाहिलेला, त्याचाही रंग तींत उतरे. (शांतारामबापू आमच्या प्रभात कंपनीचे, मात्र हा चित्रपट त्यांनीं पुणें सोडून मुंबईस राजकमल काढल्यावर केला.) एका वर्षीं पहिल्या बांकावरच्या मुलीनें विचारलें, "गुरुजी, त्या बाळाचें पुढें काय झालें?" मला ठाऊक नव्हतें. शिक्षकानें 'ठाऊक नाहीं' म्हणावें, हें मीं मुलांस शिकविलें होतें, स्वतः मात्र शिकलों नव्हतों. मी म्हणालों, "तो वडिलांसारखाच मोठा डॉक्टर झाला." मुलांनीं टाळ्या वाजविल्या. पुढें दरवर्षीं मी गोष्टीचा शेवट असाच करूं लागलों. टाळ्यांची गोडी वाईट.

निवृत्तीनंतर वाचण्यास वेळ मिळाला तेव्हां कळलें कीं, यिन्ह्वा वैद्यक शिकत होता हें खरें. परंतु शिक्षण पुरें होण्याच्या आधींच, १९६७ सालीं, पंचविशीच्या आंत तो वारला. क्वो छिंग्लान त्यानंतर पंचेचाळीस वर्षें जगल्या. सासरच्या माणसांस भेटण्यासाठीं त्या अनेकदां भारतांत आल्या आणि २०१२ सालीं तालियेन शहरीं निवर्तल्या. म्हणजे ज्या काळांत मी वर्गांत टाळ्या घेत होतों, त्या काळांत मुलगा गमावलेली ती आई हयात होती. किती मुलें ती खोटी गोष्ट घेऊन शाळेंतून बाहेर पडलीं, ह्याचा हिशोब मी करूं लागलों तेव्हां आंकडा हजाराच्या पुढें गेला. त्यांस आतां कोठें गांठावें? निदान ज्याच्याविषयीं बोललों त्याच्या समाधीपुढें एकदां जाऊन उभें राहावें, एवढेंच सुचलें.

दादांनीं सारें ऐकून घेतलें आणि मग विचारलें, "आणि आईच्या पाटल्या?"

वाचकांपैकीं वडीलधाऱ्यांस हें उमजेल. १९६२ च्या युद्धांत राष्ट्रीय संरक्षण निधीस घरोघरच्या स्त्रियांनीं सोनें दिलें, तेव्हां आमच्या आईनें हातांतल्या दोन पाटल्या काढून दिल्या. मी तीन-चार वर्षांचा होतों, मला आठवत नाहीं. दादा सोळा वर्षांचे होते. पाटल्या निघेनात म्हणून आईच्या हातास साबण लावण्याचें काम त्यांनींच केलें होतें. पुन्हां २०२० च्या जूनमध्यें गलवानच्या खोऱ्यांत आपले वीस जवान पडले, ती बातमी त्यांनीं वर्तमानपत्रांतून कापून ठेविली आहे. "मेलेल्यावर माझा राग नाहीं," ते म्हणाले, "जिवंतांच्या खानावळी तूं आपल्या निवृत्तिवेतनानें भरणार, ह्यावर आहे." मला उत्तर देतां आलें नाहीं. आजही देतां येत नाहीं. कोटणीस ज्या चीनसाठीं गेले तो जिवाच्या आकांतानें लढणारा, पिचलेला देश होता. आज सीमेवर आपल्यापुढें उभा आहे तो दुसराच कोणी आहे, असें म्हणतां येईल. पण नकाशावर जागा तीच आहे. तेव्हां दादांचा आक्षेप मीं तसाच राहूं दिला आणि बेत पुढें चालविला. एकत्र कुटुंबांत पुष्कळ गोष्टी अशाच चालतात.

बेताची बैठक पुतण्याच्या खोलींत बसली. तो संगणकाच्या धंद्यांत आहे आणि एकदां शेनचेनला जाऊन आला आहे, त्यामुळें घरांत तोच चीनचा पंडित. २०२० पासून भारत आणि चीन ह्यांमधील थेट विमानें बंद होतीं. तीं २०२५ च्या ऑक्टोबर-अखेरीस कलकत्त्याहून क्वांगचौस पुन्हां सुरू झालीं आणि नोव्हेंबरांत दिल्लीहूनही निघूं लागलीं. क्वांगचौ म्हणजेच पूर्वींचें कँटन. हें ऐकतांच मी म्हणालों, "मग बीजिंगचें नांव काढूं नको." ज्या बंदरीं पथक उतरलें तेथेंच आपणही उतरावें आणि तेथून उत्तरेस जावें, हा मार्ग नकाशावर आयताच सांपडला. क्वांगचौपासून बीजिंगपर्यंत जो अतिवेगवान लोहमार्ग आहे तो चांग्शा आणि वूहान (जुनें हँकौ ह्यांतच आलें) ह्यांवरून थेट शिच्याच्वांगास जातो. म्हणजे अर्धी वाट कोटणीसांचीच. सुमारें दोन हजार किलोमीटर अंतर ही गाडी आठेक तासांत तोडते. त्यांस हँकौपर्यंत जावयासच किती दिवस लागले असतील कोण जाणे. बीजिंगवरून जाणाऱ्यांस तेथील पश्चिम स्थानकावरून शिच्याच्वांग तास-सव्वा तासावर आहे. सोलापूर पुण्याहून जवळजवळ तितकेंच दूर, हें घरांतल्या मंडळींस ऐकविल्यावर त्यांच्या मनांतली धास्ती निम्मी उतरली.

तारखांचा विचार मात्र मीं स्वतः, पंचांग पुढें घेऊन केला. चीनमध्यें १ ते ७ ऑक्टोबर राष्ट्रीय सुटी असते आणि त्या आठवड्यांत सारा देश गाड्यांतून हिंडतो. त्या दिवसांत तेथें पाऊल ठेवणें म्हणजे आषाढींत पंढरपुरास निवांत जागा शोधणें. एप्रिलच्या आरंभीं छिंगमिंग नांवाचा त्यांचा दिवस येतो, तेव्हां लोक वाडवडिलांच्या थडग्यांची साफसफाई करून फुलें वाहतात; तो गांठावा असें प्रथम मनांत होतें, पण यंदाचा हुकला. जून-जुलैंत उन्हाळा कडक आणि डिसेंबरांत थंडी गोठणबिंदूच्या खालीं. राहतां राहिला ऑक्टोबर. कोटणीसांचा जन्मदिवस दहा ऑक्टोबर, तेव्हां पंचांगांत ती तारीख काढली, आणि काढून बराच वेळ तसाच बसलों. यंदा अधिक मासामुळें सारे सण लांबले आहेत. दहा ऑक्टोबर, शनिवार, सर्वपित्री अमावास्या.

ह्यावरून घरांत नवें वादळ उठलें. पितृपक्षांत प्रवास? वहिनींच्या मतें हें निव्वळ अशास्त्र. मीं म्हटलें, आमचें कुटुंब अविभक्त, श्राद्धकर्ते दादा. माझ्या गैरहजेरीनें कांहीं अडत नाहीं. आणि शास्त्राचेंच म्हणाल तर तर्पणांत आपले तीन पिढ्यांचे पितर झाल्यावर आप्त, गुरु, शिष्य असें करीत करीत अखेर ज्यांस कोणीच पाणी देणारा नाहीं त्यांच्यापर्यंत आपण येतोंच कीं नाहीं? ज्याचा एकुलता एक मुलगा निपुत्रिक वारला, त्याच्यासाठींच तर ती अखेरची ओंजळ ठेविली आहे. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याशीं शास्त्रार्थ कोण करील," आणि तो विषय तेवढ्यापुरता मिटला.

तेव्हां ठरलें तें असें. मंगळवार ६ ऑक्टोबर, पुण्याहून दिल्ली व रात्रीं पुढें. ७ तारखेस क्वांगचौ, मुक्काम व विश्रांति, कारण त्या दिवशीं सुटी संपवून परतणाऱ्यांनीं गाड्या भरलेल्या असणार. ८ तारखेस गाडी. रेल्वेचीं तिकिटें पंधरा दिवस आधीं विक्रीस निघतात आणि तीं पारपत्राच्या क्रमांकावर मिळतात. कागदी तिकीट नाहीं, पारपत्र हेंच तिकीट. व्हिसाचा अर्ज संगणकावरून भरावयाचा, पुढलें काम मुंबईच्या व्हिसा केंद्रांत. पारपत्राची मुदत सहा महिन्यांहून अधिक उरलेली असावी आणि त्यांत कोरीं पानें असावींत. परक्या पाहुण्याची पोलिसांकडे नोंद करावी लागते. हॉटेलांत उतरल्यास तें काम हॉटेलवालाच करतो. विमानांच्या वेळा बदलत राहतात, म्हणून कोणी हा लेख पाहून निघणार असल्यास ऐन वेळीं पुन्हां चौकशी करावी.

पैशांचें ऐकून मी थक्क झालों. तेथें भाजीवाल्यापासून सारे मोबाइलवरील चौकटीकडे बोट दाखवितात. नोटा घेतात, पण सुटे शोधीत बसतात. २०२३ पासून परदेशी कार्डें तेथील आलिपे व वीचॅट ह्यांस जोडतां येतात, तें काम घरूनच उरकून जावें, असें पुतण्याचें सांगणें. गूगल आणि व्हॉट्सॲप तेथल्या जाळ्यावर चालत नाहींत. आपल्याच क्रमांकाचें रोमिंग घेतल्यास चालतात. सौभाग्यवतींस रोज रात्रीं नऊला फोन येईल असें मीं वचन दिलें. मग कळलें कीं तेथील घड्याळ आपल्यापुढें अडीच तास आहे. तेव्हां वचन सातावर आणलें.

खाण्याचा प्रश्न मात्र सौभाग्यवतींनीं सोडला नाहीं, आणि त्याचें उत्तर मोठें गमतीचें निघालें. बौद्ध विहारांच्या परंपरेंतील शाकाहारी स्वयंपाकास तेथें 'सू' म्हणतात. त्यांत मांस-मासे तर नसतातच, पण कांदा-लसूणही वर्ज्य! म्हणजे आमचा चातुर्मास आयताच पाळला जाणार. 'वो छ्र सू', मी सू खातों, एवढें वाक्य मीं पाठ केलें आहे. शिवाय तें चिनी अक्षरांत लिहिलेला कागद खिशांत असेल, कारण माझा उच्चार ऐकून पुतण्या जो हंसला तो अजून थांबलेला नाहीं. स्थानकांवर आणि गाड्यांत उकळतें पाणी फुकट मिळतें, तेव्हां उपम्याच्या तयार पुड्या उपयोगीं पडतील. साजूक तूप मात्र नेतां येणार नाहीं. दुधाचे पदार्थ, ताजीं फळें, बियाणें आणि माती ह्यांस तेथें मनाई आहे.

माती हा शब्द ऐकून मला वाईट वाटलें. सोलापुरांतील त्यांच्या घराच्या अंगणांतली मूठभर माती घेऊन जावी, असें मीं मनांत योजिलें होतें. तें घर जतन करून तेथें आतां स्मारक केलें आहे, आणि यात्रेचा आरंभ तेथूनच व्हावयाचा आहे. श्रावणांत एक दिवस जाऊन येणार. आमच्या पुण्याहून सोलापुरास संध्याकाळीं जी गाडी सुटते तिचें नांव हुतात्मा एक्सप्रेस. १२ जानेवारी १९३१ रोजीं येथें येरवड्यास फांशीं गेलेल्या सोलापूरच्या चौघांच्या स्मरणार्थ तें नांव आहे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा. त्या वेळीं कोटणीस वीस वर्षांचे होते. गांवांत लष्करी कायदा लागलेला, ओळखीपाळखीचीं माणसें फांशीं जातात, असें ज्यानें विशींत पाहिलें, त्यास आठ वर्षांनीं चीनची हांक ऐकूं आली ह्यांत मला आश्चर्य वाटत नाहीं. माती नाहीं तर नाहीं. एक सोलापुरी चादर नेईन. रुग्णालयाच्या स्मृतिसंग्रहालयांत ठेवून घेतली तर ठीक, नाहीं तर त्या आवारांत जो कोणी म्हातारा माळी झाडलोट करीत असेल त्यास देईन. फुलें तेथेंच घ्यावयाचीं. तिकडे मृतांस पांढरी-पिवळी शेवंती वाहतात. आणि शेवंती ही मूळचीच चीनची, आपल्याकडे येऊन देवांच्या हारांत बसली आहे.

९ तारखेस थांग परगण्यांत जावयाचें आहे. शिच्याच्वांगच्या उत्तरेस मोटारीनें जावें लागतें. तेथें बेथ्यून आणि कोटणीस ह्यांचें मिळून स्मारकभवन आहे, आणि कगुंग खेडें त्याच परगण्याच्या डोंगरांत आहे. बेथ्यूनही १९३९ सालीं ह्याच परगण्यांत वारले. समाधीपेक्षां मला तें खेडें पाहण्याची ओढ अधिक आहे. १० तारीख समाधीची.

एवढ्या दूर जाऊन आसपासचें कांहीं पाहूं नये असें माझें मत नाहीं, म्हणून पुढले दोन दिवस राखून ठेविले आहेत. शहराच्या उत्तरेस लागूनच चेंगतिंग हें जुनें तटबंदीचें गांव आहे. तेथील लुंगशिंग विहार ५८६ सालचा, आणि त्यांत ९७१ सालीं ओतलेली सहस्रभुज अवलोकितेश्वराची सुमारें सत्तर फूट उंचीची धातूची मूर्ति उभी आहे. आपला अवलोकितेश्वर चीनमध्यें जाऊन क्वानयिन नांवाची करुणामयी देवी कसा झाला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. दक्षिणेकडे चाओ परगण्यांत ६०५ च्या सुमारास ली छुन नांवाच्या कारागिरानें बांधलेला एका कमानीचा दगडी पूल आहे. कमानीचा पल्ला ३७ मीटर, आणि चौदाशें वर्षें झालीं तरी तो उभा आहे. तो पुरा झाला तेव्हां बदामीस दुसरा पुलकेशी अद्याप गादीवर यावयाचा होता.

पुलकेशीचें नांव उगीच घेतलें नाहीं. ह्याच चाओ परगण्यांत ह्युएनत्संग तरुणपणीं एका आचार्यापाशीं हरिवर्म्याचा सत्यसिद्धि नांवाचा ग्रंथ शिकला, असें त्याच्या चरित्रांत आहे. पुढें तोच भारतांत आला, सातव्या शतकाच्या मध्यास महाराष्ट्रांतून गेला, आणि येथला राजा पुलकेशी व येथील लोक उपकार स्मरणारे आणि अपमान न विसरणारे आहेत, असें लिहून गेला. हरिवर्म्याचा मूळ संस्कृत ग्रंथ आपण गमावला. चिनी भाषांतर तेवढें उरलें, आणि आपल्या काळांत अय्यास्वामी शास्त्र्यांनीं त्या चिनीवरून तो पुन्हां संस्कृतांत उतरविला. फर्ग्युसनचे पालीचे प्राध्यापक पु. वि. बापट ह्यांनींही हेंच व्रत घेतलें होतें. चिनीमध्यें टिकलेल्या विमुत्तिमग्गाची विसुद्धिमग्गाशीं तुलना करणारा त्यांचा ग्रंथ १९३७ सालीं येथें पुण्यांतच निघाला, म्हणजे कोटणीस बोटींत बसण्याच्या आदल्या वर्षीं. जें आपण हरवलें तें दुसऱ्यानें जपून ठेवावें, असे प्रसंग ह्या दोन देशांत पुष्कळ आहेत. तो विचार मीं दादांपुढें मांडून पाहिला. ते म्हणाले, "अपमान न विसरणारे, हें तुझ्या त्या यात्रेकरूनें बरोबर लिहिलें."

परंतु परवां रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांनीं मला हांक मारली. अडकित्ता हातांत होता. म्हणाले, "सर्वपित्रीस घरीं तर्पण मी करणारच आहें. त्या तुझ्या डॉक्टराचें गोत्र काय?"

मीं म्हटलें, "ठाऊक नाहीं." ह्या वेळीं तरी हे शब्द मला म्हणतां आले.

"गोत्र ठाऊक नसलें तर काश्यप म्हणतात," दादा म्हणाले. मग थोड्या वेळानें, "आणि मुलाचें नांव काय म्हणालास? सावकाश सांग. एका कागदावर देवनागरींत लिहून दे, मला तोंडानें म्हणतां आलें पाहिजे."

मीं कागदावर लिहून दिलें. त्यांनीं तो पंचांगांत, भाद्रपदाच्या पानावर ठेविला आहे. चीनला जाण्याविषयीं त्यांचें मत अद्याप बदललेलें नाहीं, आणि हॉटेलच्या खर्चाचा आंकडा पुतण्यानें मोठ्यानें वाचला कीं ते खांकरतात.

व्हिसासाठीं पांढऱ्या पार्श्वभूमीवर छायाचित्र लागतें. तें लक्ष्मी रस्त्यावर काढून घेतलें आहे. छायाचित्रकार म्हणाला, "आजोबा, हंसूं नका." सोलापूरच्या गाडीस मात्र खिडकीजवळची जागा मिळाली पाहिजे, असें पुतण्यास बजावून ठेविलें आहे.